चिखल मुरायला किती दिवस लागतात?

व्हालकियारात हिवाळ्यात माणसं कमी आणि वाफ जास्त. मैदानावरून धुकं येतं, कुंडांतून वाफ वर चढते, आणि दोघांची गाठ हॉटेलांच्या दुसऱ्या मजल्याच्या आसपास कुठेतरी पडते. त्याच्या खालचं सगळं, म्हणजे रस्ते, पाइनची झाडं, पांढरे झगे घालून या कुंडातून त्या कुंडाकडे निघालेले म्हातारे जर्मन, अर्धवट पुसल्यासारखं दिसतं. ओन्दिना कार्लेस्सो दर फेब्रुवारीत मिलानहून इथे यायची. स्टेशनवर उतरली की तिला वाटायचं, आता कुठे आपल्याला नीट झोप लागली.

यायची मात्र ती ऑडिटला. झोपेशी सगळ्यात कमी संबंध असलेला धंदा. व्हालकियाराची गरम पाण्याची कुंडं, त्यांच्याभोवतीची चार हॉटेलं आणि औषधी चिखलाचे हौद हे सगळं एका कंपनीचं, आणि ती कंपनी मिलानच्या शेअर बाजारात नोंदलेली. त्यामुळे दर वर्षी बाहेरच्या माणसांनी येऊन हिशेब तपासायचे. ओन्दिनाबरोबर दोन तरुण पोरं असायची आणि कागदांच्या पेट्या. अहवालावर सही करणारा तिचा वरिष्ठ विस्मारा अगदी शेवटी यायचा, घड्याळ बघत यायचा आणि घड्याळ बघत जायचा. बाकीचा फेब्रुवारी ओन्दिनाचा.

आणि तुल्लियो बेर्तानचा. तुल्लियो कंपनीचा मुख्य हिशेबनीस. उंच, खांद्यात थोडा वाकलेला, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. काही महत्त्वाचं बोलायचं असलं की आधी चष्मा काढायचा. का, ते त्यालाच माहीत. बहुधा समोरचं माणूस नीट दिसलं नाही की त्याला बोलायला सोपं जात असावं.

पहिल्या वर्षी मालसाठ्याच्या यादीवरून बोट फिरवता फिरवता ओन्दिना थांबली होती.

"हे काय आहे?"

"चिखल," तुल्लियो म्हणाला.

"चिखल? मालसाठ्यात?"

"मग कुठे दाखवू? फर्निचरमध्ये?"

ती हसली नाही. ऑडिटरने पहिल्या वर्षी हसायचं नसतं. तुल्लियोने टोपी घातली आणि तिला मागच्या अंगणात नेलं. तिथे रांगेने हौद होते, गुडघाभर उंचीचे, आणि प्रत्येकातून वाफ निघत होती. टेकडीपलीकडच्या तळ्यातून गाळ आणतात, त्याने सांगितलं, तो या हौदांत घालतात, वरून झऱ्याचं गरम पाणी सोडत राहतात, आणि मग तो मुरतो. आणला तेव्हा करडा, खरखरीत. मुरला की काळा, मऊ, बोटाला लोण्यासारखा लागणारा. तेव्हा कुठे तो माणसांच्या गुडघ्यांवर आणि कमरांवर थापायचा.

"मुरायला किती दिवस लागतात?"

"दोन महिने. घाई केली तर नुसता चिखल राहतो."

तिने ते लिहून घेतलं. एक हौद संपेपर्यंत दुसरा धुक्यात नाहीसा होत होता, आणि ती दोघं एकेक हौद शोधत चालल्यासारखी चालत होती. तिला त्या दिवशी रात्रीपर्यंत कसलं तरी बरं वाटत राहिलं. तपासणी चांगली झाली म्हणून वाटत असेल, असं तिने स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या वर्षी तिने परत विचारलं, "हा चिखल मुरायला किती दिवस लागतात हो?"

विसरली होती? छे! ओन्दिना कार्लेस्सोला तीन वर्षांपूर्वीच्या विजेच्या बिलाचा आकडा झोपेतून उठवून विचारला तरी आठवायचा. तुल्लियोने चष्मा काढला, तिच्याकडे क्षणभर पाहिलं, आणि टोपी घेतली. सगळं पहिल्यापासून सांगितलं त्याने, तळं, गाळ, झरा, करडा, काळा. तिने सगळं पहिल्यापासून लिहून घेतलं. मग तिसऱ्या वर्षी. मग चौथ्या. दर फेब्रुवारीत एका धुकट दुपारी ती तो प्रश्न विचारायची आणि दोघं हौदांकडे जायची. एवढंच. याहून एक पाऊल पुढे नाही.

पुढे जाणार कशी? ऑडिटरने कंपनीकडून काही घ्यायचं नसतं. तुल्लियोच्या मजल्यावर कॉफीचं यंत्र होतं, आणि आमच्या इटलीत कॉफी नाकारणं म्हणजे एखाद्याच्या तोंडावर दार लावणं. पण ओन्दिना दर वेळी स्वतःचं नाणं स्वतः टाकायची. जेवण हॉटेलाबाहेर, एकटीने. जो माणूस हिशेब मांडतो त्याच्यावरच तपासणाऱ्या बाईचा जीव जडला, तर त्या तपासणीला कोण विचारतो? लोकांनी आपली पुंजी त्या सहीच्या भरवशावर लावलेली असते. हे ओन्दिनाला कुणी शिकवायची गरज नव्हती. उलट ती तुल्लियोशी इतरांपेक्षा जास्त कडक वागायची. नाताळनंतर पंधरा दिवस खपून त्याने केलेला तक्ता तिने एकदा शांतपणे परत केला होता, छपराच्या दुरुस्तीचा खर्च चुकीच्या जागी आहे म्हणून. त्याने तो पुन्हा केला. कुरकुर केली, पण केला.

एक दिलासा होता, आणि तो कायद्यानेच दिला होता. ऑडिटर आणि कंपनी यांची ओळख फार जुनी झाली की नजर मऊ होते, म्हणून ठरावीक वर्षांनी ऑडिटर बदलायचाच, हा नियम आपल्याकडे कधीपासून आहे. मोठ्या कंपन्या त्यावर नाकं मुरडतात. ऑडिटर कंपन्या तर छाती पिटतात. ओन्दिना मात्र मनातल्या मनात त्या कायद्याची वाट बघत होती. व्हालकियाराचा करार सहा वर्षांचा होता. सहाव्या वर्षाचे हिशेब एप्रिलच्या सभेत मंजूर झाले की संपलं, कायद्यानेच तिला दाराबाहेर काढलं असतं. लग्नाची मुलगी मुहूर्ताकडे बघते तशी ही सत्तेचाळीस वर्षांची बाई आपल्या हकालपट्टीकडे बघत होती.

सहाव्या फेब्रुवारीत हौदांपाशी तुल्लियोने, सगळं सांगून झाल्यावर, चष्मा परत चढवलाच नाही.

"एप्रिलनंतर तुम्ही आमच्या ऑडिटर नसाल."

"नाही."

"मग मे महिन्यात याल का इथे? पाहुण्या म्हणून."

वाफेत त्याचा चेहरा दिसत नव्हता, हे बरंच झालं, कारण तिचाही दिसत नसणार.

"मला आत्ता काही विचारू नका, बेर्तानसाहेब," ती म्हणाली. "मे महिन्यात विचारा."

परतीच्या गाडीत ती खिडकीला डोकं टेकून बसली आणि पादुआ कधी मागे पडलं, व्हेरोना कधी गेलं, तिला कळलं नाही. शेजारचं पोरगं म्हणालं, मॅडम, तुम्ही गाताय. ती गप्प झाली.

मार्चमध्ये विस्माराने तिला केबिनमध्ये बोलावलं. तो इतका खुशीत होता की घड्याळाकडे बघायचं विसरला होता.

"वाचलं का? रोमहून नवं फर्मान आलंय. सहाची नऊ झाली!"

"म्हणजे?"

"म्हणजे ज्या कंपन्यांशी आपला करार चालू आहे, त्यांच्या भागधारकांनी सभेत हात वर केला की एकूण नऊ वर्षांपर्यंत मुदत वाढते. व्हालकियाराचे अध्यक्ष तर एका पायावर तयार आहेत. नवीन ऑडिटर आला की त्याला पहिल्यापासून सगळं समजावत बसा, कुणाला हौस आहे? सही करणारा बदलावा लागेल, म्हणजे मी जाणार. पण तुम्ही राहणार! तुमच्यावर असं काही बंधन नाही. तुमच्याशिवाय त्या चिखलाचा अर्थ लागणार कुणाला?"

ओन्दिनाला पायांखालची जमीन ओली झाल्यासारखी वाटली.

"मला दुसरं काम द्या," ती म्हणाली. "मला तिथे बरीच वर्षं झाली."

विस्माराचा चेहरा बदलला. "का? तिथे काही घडलंय का?"

काय सांगणार? घडलं तर काहीच नव्हतं. आणि सांगावं, तर सहा वर्षांच्या कामावर पाणी. प्रत्येक कागद उघडला जाणार, प्रत्येक आकड्याकडे लोक डोळे मिचकावून बघणार. एक प्रश्न सहा वेळा विचारण्यापलीकडे तिने काही केलं नव्हतं, पण हे ऐकून कोण हसणार नाही?

"नाही," ती म्हणाली. "काही घडलेलं नाही."

दोन दिवसांनी तुल्लियोचा फोन आला. त्याला अहवालातल्या एका टिपेबद्दल विचारायचं होतं. विचारून झालं. फोन ठेवायची वेळ झाली तरी दोघांपैकी कुणी ठेवला नाही.

"नऊ झाली म्हणे," तो म्हणाला.

"हो."

"मी तेव्हा एकोणसाठचा असेन."

"मी पन्नास."

त्याच्या खिडकीखालच्या कुंडात पाणी पडत असल्याचा आवाज फोनमधून येत होता. मग त्याने टिपेतला आकडा पुन्हा एकदा वाचून दाखवला, आणि तिने तो बरोबर आहे म्हणून सांगितलं.

सभेच्या दिवशी सकाळच्या गाडीत तिचा डोळा लागला. स्वप्नात सभा मोठ्या कुंडात भरली होती. सगळे भागधारक गळ्यापर्यंत गरम पाण्यात उभे होते, अध्यक्ष तरंगत होते, आणि मतदान सुरू झालं तसे वाफेतून हात वर येऊ लागले. नुसते हात. कुणाचे ते कळत नव्हतं. ओन्दिना ते मोजत होती, पण मोजलेला हात पाण्याखाली जाऊन पलीकडे पुन्हा वर यायचा. तिने काठावरच्या तुल्लियोला विचारलं, चिखल मुरायला किती दिवस लागतात? तो म्हणाला, आता नऊ वर्षं. ती दचकून जागी झाली तेव्हा समोर विस्मारा वर्तमानपत्र वाचत होता आणि बाहेर टेकड्या दिसायला लागल्या होत्या.

व्हालकियाराची सभा म्हणजे अर्धी सभा आणि अर्धं जेवण. पुढच्या रांगेत अध्यक्षांचं कुटुंब बसतं, ज्यांच्याकडे निम्म्याहून जास्त शेअर. त्यांनी हात वर केला की झालं. मागे गावातली माणसं, कुणाकडे दहा शेअर, कुणाकडे वीस, सगळ्यांचं लक्ष शेजारच्या दालनातून येणाऱ्या रिसोत्तोच्या वासाकडे. त्यात पियाआजी. नवऱ्याच्या पश्चात मिळालेल्या शेअरच्या जोरावर त्या दर वर्षी उठून विचारायच्या, की कुंडावरचे टॉवेल पातळ का होत चाललेत. याही वर्षी विचारलं. अध्यक्षांनी याही वर्षी चौकशी करतो म्हणून सांगितलं. मग हिशेब मंजूर झाले.

"आता पुढचा विषय," अध्यक्ष म्हणाले. "नव्या कायद्याने मोठी सोय झाली आहे. आपले ऑडिटर आणखी तीन वर्षं राहू शकतात. ही माणसं आता आपल्या घरची झाली आहेत. मला वाटतं कुणाची हरकत नसावी."

लोक खुर्च्या मागे सरकवायला लागले होते. ओन्दिना समोरच्या पेल्याकडे बघत बसली होती. तीन वर्षं काही मोठी नसतात, ती स्वतःला समजावत होती, आणि तिचं तिलाच पटत नव्हतं.

"माझी हरकत आहे."

तुल्लियो उभा होता. कंपनी बाजारात नोंदवली तेव्हा नोकरांना थोडे थोडे शेअर मिळाले होते, तेवढ्या हक्काने. त्याने चष्मा काढून वरच्या खिशात ठेवला.

"बेर्तान, तुम्ही?" अध्यक्ष हसले. "सहा वर्षं ज्यांनी तुम्हाला छळलं, त्यांच्यावर सूड उगवताय की काय?"

"अध्यक्षमहाराज, ऑडिटर आला की हिशेबनिसाच्या पोटात गोळा यायला पाहिजे. माझ्या वडिलांच्या यायचा, माझ्याही यायचा. पहिल्या वर्षी कार्लेस्सोबाई आल्या, तेव्हा मला तीन दिवस जेवण गेलं नाही."

मागून कुणीतरी हसलं.

"आता त्या यायच्या असल्या की मी नवा शर्ट घेतो. जानेवारीपासून दिवस मोजतो. मुख्य हिशेबनीस ऑडिटरची वाट बघतो, हे कंपनीच्या दृष्टीने बरं लक्षण आहे का, सांगा मला."

आता सगळेच हसायला लागले. ओन्दिनाच्या कानांच्या पाळ्या जळत होत्या. बसा, ती मनात म्हणत होती, देवाच्यान बसा खाली.

"आणि त्यांचं सांगतो. दर वर्षी त्या मला विचारतात, चिखल मुरायला किती दिवस लागतात. दोन महिने लागतात. पहिल्याच वर्षी त्यांनी लिहून घेतलंय. त्यांना माहीत आहे, त्यांना माहीत असल्याचं मला माहीत आहे, आणि तरी त्या विचारतात आणि मी सांगतो. माहीत असलेलं विचारण्याला ऑडिट म्हणत नाहीत. बाईंनी माझी एक पैची गय केलेली नाही, हे मी शपथेवर सांगेन. पण आणखी तीन वर्षांनी काय होईल, ते मला सांगता येणार नाही. याच्यासाठीच तो कायदा होता. सहाचाच बरा होता. कुणाला काही होण्याआधी माणूस बदलायचा."

दालनात आता कुणी हसत नव्हतं. रिसोत्तोचा डाव भांड्यावर आपटल्याचा आवाज आला, तेवढाच.

"अहो बेर्तान," पियाआजी ओरडल्या, "एवढे वळसे कशाला? बाई मनात भरलीय म्हणा की सरळ!"

"तो विषय आजच्या पत्रिकेवर नाही, आजी," तुल्लियो म्हणाला.

हशाचा असा स्फोट झाला की अध्यक्षांनी टेबलावर हात आपटला. "बेर्तान! बसा खाली! नंतर बोलतो मी तुमच्याशी."

"बसतो. माझं म्हणणं तेवढं नोंदवून घ्या."

विस्मारा ओन्दिनाकडे वळला. चेहरा पांढरा पडला होता त्याचा. पुढच्या रांगेतली माणसंही वळून तिच्याकडे बघत होती, आणि मग सगळं दालनच बघायला लागलं.

"हे खरं आहे?" त्याने हळू विचारलं. "ते चिखलाचं?"

नाही म्हणणं किती सोपं होतं. हिशेबनीस आहे, चक्रम आहे, मी दर वर्षी नियमाने साठ्याची खात्री करते, हे एक वाक्य पुरलं असतं. हात वर झाले असते, तिचं नाव शाबूत राहिलं असतं, आणि तिथे उभा असलेला तो माणूस गावभर वेडा ठरला असता. तिला त्याचा राग आला होता. इतका राग की डोळ्यांत पाणी आलं होतं. सहा वर्षं तिने मुठीत धरलेलं त्याने टॉवेलांच्या तक्रारीशेजारी नेऊन ठेवलं होतं. आणि त्याच वेळी, इतक्या माणसांसमोर कुणी आपली वाट बघत होतं असं ऐकून, तिच्या आत काहीतरी सैल होत चाललं होतं, ते तिला थांबवता येत नव्हतं.

ती उभी राहिली. मोठ्याने बोलली, म्हणजे नोंदीत नीट यावं.

"खरं आहे. मला पहिल्या वर्षापासून माहीत होतं. मी तरी विचारायचे."

पुढचं फार लांबलं नाही. विस्मारा उठला, आणि आमची संस्था मुदतवाढीचा प्रस्ताव मागे घेत आहे असं कागद वाचल्यासारखं म्हणाला. अध्यक्षांनी नवीन ऑडिटरसाठी पुन्हा सभा बोलवू म्हणून सांगितलं. जेवणाची घोषणा झाली. दालन रिकामं होताना विस्मारा तिला म्हणाला, "सोमवारी सहाही वर्षांच्या पेट्या उघडाव्या लागतील, कार्लेस्सो. मी नाही, दुसरे लोक उघडतील."

"उघडा," ती म्हणाली.

ती मागच्या दाराने बाहेर आली. एप्रिलचं ऊन होतं, पण मोठ्या कुंडावर वाफ होतीच, विरळ, झाडांची सावली अंगावर घेऊन हलणारी. मागून पावलं वाजली. कुणाची ते बघायची गरज नव्हती.

"तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं," ती वळूनही न बघता म्हणाली.

"आधी सांगितलं असतं तर ते ऑडिटरशी संगनमत झालं असतं."

"माझी गावभर शोभा केलीत."

"माझी जास्त झालीय. माझ्या शर्टाबद्दल बोललो मी."

ती हसायची नाही म्हणून ओठ चावून उभी राहिली. "सोमवारी माझे सगळे कागद उघडणार आहेत. सहा वर्षांचे."

"उघडू दे की. काय सापडणार? छपराच्या खर्चापायी माझ्याकडून परत करून घेतलेला तो तक्ता? माझी रजा रद्द करवून मागवलेल्या पावत्या? तुमच्याइतकं मला कुणी छळलेलं नाही, बाई. बायकोनेसुद्धा नाही. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं."

तिला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं. जेवणाच्या दालनाच्या मोठ्या काचा कुंडाकडेच होत्या, आणि सगळं व्हालकियारा हातात बशी घेऊन त्या काचांमागे उभं होतं. पियाआजी तर काच पुसत होत्या.

"अध्यक्ष तुम्हाला काढून टाकतील," ती म्हणाली.

"मुदतीआधी घरी बसवतील फार तर. बसेन." त्याने खिशातला चष्मा काढला आणि डोळ्यांवर चढवला. पहिल्यांदाच तो तिच्याशी काही महत्त्वाचं चष्मा लावून बोलत होता. "मला मे महिन्यात विचारायला सांगितलं होतंत. पण हिशेब मंजूर झाले, प्रस्ताव मागे घेतला, म्हणजे पाव तासापासून तुम्ही आमच्या कुणी नाही. मग आत्ता विचारू का?"

ओन्दिना कुंडाच्या दगडी काठावर बसली, एक बूट काढला, मग दुसरा, आणि काचांमागच्या सगळ्या भागधारकांच्या देखत पाय पाण्यात सोडले. पाणी तिला वाटलं होतं त्यापेक्षा खूपच गरम होतं.

"बसा," ती म्हणाली.